वळताना कटकट: बूट बदलायचा, जॉइंट की अख्खा शाफ्ट?

प्रश्न असा आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, वय नऊ वर्षं, धाव 1,10,000 किलोमीटर. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना पुढून कटकट आवाज येतो. डाव्या बाजूच्या बाहेरच्या जॉइंटचा बूट, म्हणजे त्यावरचं रबरी आवरण, फाटलाय आणि चाकाच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडालंय. एक मेकॅनिक म्हणतो, नुसता बूट आणि ग्रीस बदला. दुसरा म्हणतो, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारे दांडे) नवे घाला, हे जोडीनेच बदलतात. तिसऱ्याने वर हब बेअरिंगही (ज्यावर चाक फिरतं ते) सांगितलंय, कारण वेगात घरघर येते. ऐकायचं कुणाचं?

माझं उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. कटकट सुरू झाली असेल तर बूटने भागणार नाही. उजवी बाजू धड असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. ब्रेक पॅड किंवा शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलतात, ड्राइव्ह शाफ्ट नाही. आणि बेअरिंगचा निर्णय आवाज ऐकून नाही, हात लावून करायचा असतो.

एक्सलचा कुठलाही भाग खोलला की मी एकच गोष्ट शोधतो: झीज कुठे झालीये? शाफ्ट आणि जॉइंटच्या खाचा वरून कडक केलेल्या असतात, आतलं पोलाद त्या मानाने मऊ, धक्का सोसणारं असतं. वरची कडक साल शाबूत आहे तोवर भाग धुवायचा, ग्रीस भरायचं, नवं रबर चढवायचं, तो आणखी बरीच वर्षं चालतो. सालीला खड्डा पडला की विषय संपला. त्यावर वेल्डिंग, पॉलिश, जाड ग्रीस, काहीही करा, खड्डा मोठाच होत जातो. दुरुस्ती की बदल हा वाद या एका रेषेवर सुटतो, आणि ती रेष उघडून बघितल्याशिवाय दिसत नाही. गाडीखाली नुसतं वाकून 'दोन्ही शाफ्ट गेलेत' म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा काहीच बघितलेलं नसतं.

आता तुमचा जॉइंट. चाकाकडचा जो जॉइंट असतो त्यात सहा मोठे छरे, त्यांना धरणारा केज, आणि आतल्या-बाहेरच्या तुकड्यात सहा-सहा वाकड्या खाचा असतात. चाक पूर्ण वळलेलं असलं तरी दोन्ही टोकं एकाच वेगाने फिरावीत म्हणून ही सगळी रचना. 1959 साली आलेल्या मिनी या ब्रिटिश गाडीमुळे आडवं इंजिन आणि पुढची चाकं फिरवणारी छोटी गाडी सगळीकडे पोहोचली, ती अशाच जॉइंटच्या जिवावर. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जातं, त्यामुळे छरे खाचेच्या एकाच भागात बसून काम करतात आणि तिथेच हळूहळू घर करतात. गाडी वळली की प्रत्येक फेऱ्यात छरा त्या घरातून बाहेर येतो आणि परत आत पडतो. तुम्हाला ऐकू येते ती कटकट म्हणजे ही ये-जा. म्हणूनच सरळ चालताना ती गायब होते, आणि म्हणूनच आवाज येतोय याचा अर्थ घर आधीच पडलेलं आहे.

अशा जॉइंटमध्ये नवं ग्रीस भरलं तर आवाज थांबतो का? थांबतो, आणि फसगत तिथेच होते. सुरुवातीच्या वर्षांत मीही एकाला बूट घालून दिला होता. दोन आठवडे माणूस खूश, तिसऱ्या आठवड्यात परत दारात. ताजं दाट ग्रीस ठोका दाबून टाकतं, झीज भरून काढत नाही. मजुरी दोनदा गेली, तीही माझ्या पदरची.

उलटं बघा. बूट नुकताच चिरलाय, वळताना आवाज अजिबात नाही, तर नुसता बूट बदलणं हे सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. कंपनीतून आलेला मूळ जॉइंट बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त नव्या शाफ्टपेक्षा सरस असतो. त्याला फेकून स्वस्त नवा घालणं म्हणजे चांगलं देऊन बरं-वाईट घेणं.

मधल्या अवस्थेचं काय, म्हणजे बूट फाटून किती दिवस झाले ते माहीत नाही आणि आवाज येतोय की भास होतोय तेही कळत नाही? मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून आधी पुढे आणि मग रिव्हर्समध्ये गोल फिरवा, काचा खाली. थोडा जोर देऊन फिरवा. रिव्हर्समध्ये बऱ्याचदा लपलेली कटकटही बोलायला लागते. कुठल्या बाजूने येते हे मात्र कानावर सोडू नका. पोलादातून आवाज कुठूनही कुठे जातो. मग गाडी उचलून स्टँडवर ठेवा आणि फाटलेल्या बूटमधून चिमूटभर ग्रीस काढून अंगठा आणि बोटामध्ये चोळा. चांगलं ग्रीस लोण्यासारखं सरकतं. यातलं ग्रीस मुळातच काळपट असतं, त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, तेव्हा काळ्या रंगाला घाबरू नका. बोटांना खर (वाळूसारखी कचकच) लागली तर आत धूळ गेलीय. चॉकलेटी किंवा दुधट दिसलं तर पाणी. आणि उजेडात धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर तो धातूचा कीस आहे, पुढे बघायची गरज नाही.

खर लागली पण चमक नाही, तर मी जॉइंट खोलून धुतो. केज तिरका करून एकेक छरा काढायचा, ज्या खाचेतला तो त्याच खाचेत परत जाईल अशा क्रमाने मांडायचा. खाचेच्या तळाशी नखाचं टोक फिरवा. नुसता चकाकलेला पट्टा दिसतोय आणि नख अडत नाही, तर जॉइंट ठेवा. नख अडलं, बारीक टोचे पडलेत, पापुद्रा सुटलाय किंवा धातू निळसर झालाय, तर बदला. लोक केज बघायला विसरतात. त्याच्या खिडक्यांच्या कडांवर छऱ्यांनी खोबण पाडली असेल, किंवा खिडकीच्या कोपऱ्यात केसासारखी चीर असेल, तर खाचा कितीही चांगल्या असोत, तो जॉइंट परत बसवायचा नाही. केज फुटला की छरे बाहेर येतात आणि गाडी जागेवर उभी राहते.

तुमच्या बाबतीत बूट फाटलेला, ग्रीस उडालेलं आणि कटकट स्पष्ट आहे. डाव्या बाजूचा बाहेरचा जॉइंट गेला असं धरून चाला. प्रश्न उरतो तो नुसता जॉइंट घ्यायचा की पूर्ण शाफ्ट.

ते गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट कसा आहे त्यावर ठरतं. आत बहुतेक गाड्यांत तीन रोलरचा जॉइंट असतो, तो सस्पेन्शनबरोबर आत-बाहेर सरकतो. तो झिजला की कटकट येत नाही. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर थांबते. बाहेरचा जॉइंट वळताना बोलतो, आतला जोर लावताना. तुमच्या प्रश्नात थरथरीचा उल्लेख नाही, ही चांगली खूण आहे. तरी शाफ्ट बाहेर आला की आतला बूट सोडून रोलरची घरं बघाच. नखाला लागणारा खळगा असेल तर दोन्ही टोकं गेली, आणि मग सुटा जॉइंट घेण्यात अर्थ नाही, पूर्ण शाफ्ट घ्या. तो गुळगुळीत असेल, मधला दांडा सरळ असेल, स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते धारदार झालेले नसतील आणि गंज वरवरचा असेल, तर बाहेरचा जॉइंट तेवढा बदला आणि आतल्या बाजूलाही नवा बूट आणि ताजं ग्रीस घालून टाका. शाफ्ट हातात आहेच, मजुरी तीच.

गंजाबद्दल एक सांगतो. दांड्यावर तांबूस रंग असणं वेगळं आणि पापुद्रे सुटणं वेगळं. तारेच्या ब्रशने घासा. खाली सपाट धातू लागला तर काळा रंग मारा आणि विसरा. पण खड्डे राहिले, विशेषतः बूटच्या लहान तोंडाजवळ किंवा थरथर शोषणाऱ्या रबरी डँपरच्या काठाखाली जिथे पाणी धरून राहतं, तर तो दांडा वापरू नका. पीळ सोसणारा दांडा अशाच खड्ड्यातून तडकतो.

पूर्ण शाफ्ट घ्यायचा ठरला तर तीन वाटा आहेत: मूळ कंपनीचा नवा, दुसऱ्या उत्पादकाचा नवा, आणि रीकंडिशन केलेला. तिसऱ्याबद्दल माझं मत सरसकट वाईट नाही. काही ठिकाणी मूळ शाफ्ट घेऊन खाचा ग्राइंड करतात आणि थोडे मोठ्या मापाचे छरे घालतात. काम नेमकं असेल तर तो चालतो. पण जेवढं ग्राइंड कराल तेवढी कडक साल पातळ होते, आणि किती पातळ झालीय हे ना तुम्हाला दिसतं ना मला. म्हणून रीकंडिशन घेताना हमी किती आणि कुणाची हे आधी विचारा. स्वस्त नव्या शाफ्टचा त्रास वेगळा. कधी डँपरच नसतो, कधी आतल्या जॉइंटची बसण बरोबर नसते, आणि गाडी गिअरमध्ये उभी असताना जी थरथर आधी नव्हती ती सुरू होते. तुमचा मूळ शाफ्ट, झिजलेला का असेना, नवा चालवून समाधान होईपर्यंत परत देऊ नका.

दुकानातच जुना आणि नवा शेजारी धरून बघा. लांबी, दोन्हीकडच्या स्प्लाइनची संख्या, आणि जॉइंटवर एबीएसची (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग असेल तर तिचे दाते मोजा. खरंच बोट ठेवून मोजा. मी एकदा नजरेने बघून बसवला. सगळं छान बसलं, आणि पहिल्याच फेरीत एबीएसचा दिवा लागला. रिंगेला दोन दाते कमी होते. सगळं परत खोलावं लागलं.

आता घरघर. ही बेअरिंगची असू शकते, टायरचीही असू शकते, आणि दोन्ही आवाज इतके सारखे असतात की भलेभले चुकतात. वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल तर मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे लहरत चालवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना कमी झाला, तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्या. काहीच फरक पडत नसेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघा. आवाजाने जागा बदलली तर तो टायर आहे, बेअरिंग वाचलं.

मग गाडी उचला. चाकाला बाराच्या आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर एकाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता, कारण ब्रेकची डिस्क आता नकलशी (बेअरिंग ज्यात बसतं त्या तुकड्याशी) बांधली गेली. तसाच राहिला तर खालचा बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचं काहीतरी आहे. प्ले नसेल तर सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी त्या बोटांना लागते, जात्यावर हात ठेवल्यासारखी. ही चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

खरखर लागली तर बेअरिंग बदला, दुरुस्तीचा विचारही करू नका. हल्लीची हब बेअरिंग सीलबंद असतात. सील उचकटून ग्रीस भरण्याने काही साध्य होत नाही. अपवाद जुन्या पद्धतीच्या टेपर रोलरचा. ते उघडून, धुवून, बघून, ग्रीस भरून आणि प्ले लावून परत वापरता येतात, फक्त रोलर आणि बाहेरचा कप नेहमी जोडीनेच बदलायचे. आणि जर शाफ्टचं काम निघालंच आहे व त्याच बाजूच्या बेअरिंगवर खरी शंका आहे, तर ते आत्ताच करा. हबचा नट, नकल, सगळं सुटलेलं असतं. पण बेअरिंग गप्प आणि घट्ट असेल तर 'खोललंच आहे तर' म्हणून बदलू नका. प्रेसवर बसवताना जोर चुकीच्या रिंगेवर दिला तर छऱ्यांचे ठसे खाचेत उमटतात, आणि नवं बेअरिंग काही दिवसांतच जुन्यासारखं घरघरतं. चांगलं काढून वाईट बसवल्याची उदाहरणं मी डझनाने पाहिलीत. एबीएसची चुंबकीय पट्टी असलेल्या बेअरिंगची बाजू उलटी झाली तर वेगळंच: गाडी छान चालते, दिवा मात्र विझत नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या, अखंड एक्सल असलेल्या गाड्यांबद्दलही विचारणारे असतात, म्हणून दोन शब्द. तिथे चाकाकडून तेल गळायला लागलं की लोक थेट सील बदलतात. आधी एक्सलच्या पाठीवरचा ब्रीदर (हवा बाहेर जाण्याची वाट) बघा. तो चिखलाने बंद झाला की तापलेली हवा सीलमधूनच वाट काढते आणि तेल सोबत नेते. शाफ्टवर सीलने घळ पाडली असेल तर शाफ्ट फेकायची घाई नको. पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते, नाहीतर सील जरा आत-बाहेर बसवून त्याचा ओठ नव्या जागी आणता येतो. तेल प्यालेले ब्रेक शू मात्र धुवून वापरू नका. शाफ्ट वाकलाय किंवा स्प्लाइनला पीळ पडलाय, तर गरम करून सरळ करायला कुणी तयार झाला तरी नाही म्हणा; आच लागली की कडकपणा गेला. क्राउन आणि पिनियन (एक्सलमधले मोठा आणि छोटा गिअर) नेहमी एकत्रच घ्यायचे, ते एकमेकांशी जुळवूनच तयार केलेले असतात.

नवा भाग लवकर जातो तो बहुतेक वेळा बसवण्याच्या चुकांमुळे, म्हणून काम होताना शेजारी उभं राहायला मिळालं तर या गोष्टींवर डोळा ठेवा. शाफ्ट काढताना दांड्याला धरून ओढायचा नाही. आतला जॉइंट आतल्या आत सुटतो. गिअरबॉक्सजवळ पट्टी घालून आतल्या जॉइंटच्या घरालाच उचकायचं. सोबत थोडं गिअर ऑइल सांडणारच, ते शेवटी मोजून भरायचं. हे राहून गेल्यामुळे गिअरबॉक्स गेल्याचं मी पाहिलंय, आणि तेही एका बूटच्या कामात. शाफ्ट आत घालताना स्प्लाइनने सीलचा ओठ कापू नये म्हणून दोन्ही हातांनी तोलून धरावा लागतो. शाफ्ट निघालाच आहे तर ते सील नवंच घाला.

ग्रीस बूटच्या किटमध्ये आलेलं, तेच, आणि पुडी पूर्ण. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटचं ग्रीस वेगवेगळं असू शकतं, अदलाबदल नको. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस तर अजिबात नको. आतल्या बूटचा शेवटचा क्लॅम्प आवळण्याआधी शाफ्ट नेमक्या लांबीवर धरून, ओठाखाली बोथट पेचकस सरकवून हवा आत-बाहेर होऊ द्यायची. नाहीतर बूट आत ओढला जातो, घड्या एकमेकींवर घासतात आणि वर्षभरात तिथेच चीर पडते. उभे चिरलेले, चिकटवून बसवायचे बूट मिळतात. ते घरी पोहोचण्यापुरते बरे.

हबचा मोठा नट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. त्याचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) साधारण 200 न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा बराच वर असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतला घ्यायचा आणि शेवटची आवळणी टॉर्क रेंचने करायची. इम्पॅक्ट गनने 'घट्ट झाला' हे माप नव्हे. बेअरिंगच्या आतल्या रिंगा या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेल्या असतात, म्हणून नट सैल असताना गाडी चाकांवर टेकवायची नाही, ढकलायची तर त्याहून नाही. स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा भाग) आणि नकलमधले बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. नुसता खालचा बॉल जॉइंट सोडून काम झालं असेल तर सहसा लागत नाही.

भाग येईपर्यंत गाडी चालवायची का? फक्त पूर्ण वळणावर कटकटणारा जॉइंट सहसा एका दिवसात दगा देत नाही. जवळपासची कामं हळू करा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर देणं टाळा. सरळ चालतानाही ठोके येऊ लागले तर थांबा. बेअरिंगचा प्ले हाताला जाणवत असेल तर अजिबात चालवू नका. तिथे चाकाचाच प्रश्न आहे. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर एक लक्षात ठेवा: पी मध्ये टाकल्यावर कुलूप लागतं ते गिअरबॉक्सच्या आत, चाकांना नाही. चाकापर्यंत ते पोहोचतं ते याच शाफ्टमधून. एका बाजूचा जॉइंट निखळला तर पी असूनही गाडी उतारावर घरंगळू शकते, तेव्हा काम होईपर्यंत हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून उतरू नका.